काळी पोत, खोटा फोन आणि तिचा नकार

एसटीने, लोकलने किंवा शेअर रिक्षाने एकटीने ये-जा करणाऱ्या बाईला विचारा, नको असलेला पुरुष सलगी करू लागला तर ती काय करते? उत्तरे जवळपास सारखी येतात. कानात इयरफोन घालायचे, पण गाणे लावायचे नाही, म्हणजे मागून कुणी येत असेल तर कळते. फोन कानाला लावून मोठ्याने म्हणायचे, “हां अब्बा, स्टँडपे आओ, मैं पहुँचतीच.” फोनवर कुणीच नसते. ओळख वाढवू पाहणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ‘भाई’ किंवा ‘दादा’ म्हणून टाकायचे. लग्न झालेले नसले तरी बोटात अंगठी घालायची.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अनेक मुस्लिम घरांत लग्नानंतर काळ्या मण्यांची पोत, म्हणजे लच्छा घालतात. शौहर वारलेली किंवा तलाक झालेली बाई कामासाठी बाहेर पडू लागली की कपाटात ठेवलेला हाच लच्छा पुन्हा गळ्यात येतो. नातेवाईक कुजबुजतात, “आता कशाला घालते ही?” ती उत्तर देत नाही. तिला रोजची बस पकडायची असते. कित्येक हिंदू भगिनींच्या पर्समधले मंगळसूत्रही याच कारणासाठी गळ्यात येते.

या युक्त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. रात्री नऊला सुनसान थांब्यावर जी युक्ती तिला सुखरूप घरी पोचवते, ती योग्यच. पण यातल्या बहुतेक युक्त्या चालतात कशावर? अब्बा, भाई, शौहर! प्रत्येक वेळी तिला दुसरा एखादा पुरुष उभा करावा लागतो, खरा नसेल तर खोटा. “माझी इच्छा नाही” एवढे म्हणून भागत नाही. “मी दुसऱ्या कुणाची तरी आहे” असे सांगितले की समोरचा माघार घेतो. म्हणजे तो मान राखतो, पण तिच्या नकाराचा नव्हे, तर न पाहिलेल्या एका पुरुषाच्या मालकीचा. जिच्यामागे असा पुरुष नाही, त्या अविवाहित, विधवा किंवा तलाकशुदा बाईने काय करायचे?

आपल्या समाजात यावर एक तयार उत्तर असते, “बुरखा घाला.” श्रद्धेने बुरखा घालणाऱ्या स्त्रीच्या निर्णयाचा आदर केलाच पाहिजे. पण ही छेडछाडीवरची हमी आहे, असे सांगणाऱ्यांनी नकाब घालून कॉलेजला जाणाऱ्या मुलींना एकदा विचारावे. त्यांच्याही मागे बाइक फिरते, त्यांनाही नंबर मागितला जातो. शिवाय या सल्ल्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. सूरह नूरच्या ३१व्या आयतीत स्त्रियांना नजर खाली ठेवायला आणि ओढणी नीट घ्यायला सांगितले आहे. त्याआधीची ३०वी आयत पुरुषांसाठी आहे आणि नजर खाली ठेवण्याचा हुकूम तिथे आधी त्यांना आहे. हदीसमधला हजच्या वेळचा प्रसंगही प्रसिद्ध आहे. खसअम कबिल्यातली एक स्त्री पैगंबरांना प्रश्न विचारायला आली. त्यांच्यामागे सवारीवर बसलेले तरुण फज्ल बिन अब्बास तिच्याकडे टक लावून पाहू लागले. पैगंबरांनी हाताने फज्ल यांचा चेहरा दुसरीकडे वळवला आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाला उत्तर दिले. तिला परत पाठवले नाही. जुम्याच्या बयानात स्त्रियांच्या पडद्यावर आपण जितके ऐकतो, त्याच्या निम्म्याने तरी हा प्रसंग ऐकतो का?

देशाचा कायदाही आज हेच सांगतो. २०१३ साली भारतीय दंड संहितेत पाठलागाचा स्वतंत्र गुन्हा आला, कलम ३५४ ड. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही वारंवार मागे जाणे, संपर्क करत राहणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम तिचे लग्न झाले आहे का, असे विचारत नाही. तिचा नकार पुरेसा आहे. गंमत म्हणजे त्याच २०१३ साली ‘रांझना’ आला. झोया नावाच्या मुलीच्या मागे फिरणारा, तिच्या थपडा खाऊनही न थांबणारा मुलगा त्यात सच्चा आशिक ठरला. आपल्या पोरांनी कायदा वाचला नाही, सिनेमा मात्र पाहिला.

तरीही मुली तक्रार का करत नाहीत? कारण पोलिसांआधी घर लागते. “कुणीतरी मागे येतो” असे सांगितले की पहिला प्रश्न येतो, “तुझ्याच का मागे येतो?” मग कॉलेज बंद आणि दोन महिन्यांत रिश्ता पक्का. त्रास देणारा नाक्यावर तसाच उभा राहतो, शिक्षण सुटते ते हिचे. त्यात आता समाजाचे स्वयंघोषित पहारेकरी आले आहेत. मुलगी परधर्मीय वर्गमित्राशी बोलताना दिसली तरी ते व्हिडिओ काढतात. असे लोक दोन्ही बाजूंना आहेत. त्यांनाही तिची इच्छा विचारायची नसते, ती ‘आपली’ आहे एवढेच सांगायचे असते.

म्हणून मुलींना आणखी नव्या युक्त्या शिकवण्याआधी आपण काही करायला हवे. मुलीने सांगितले तर तिचे कॉलेज एक दिवसही बुडणार नाही, हे अम्मी-अब्बांनी तिला आधीच सांगून ठेवावे. तक्रार द्यायची वेळ आली तर तिच्यासोबत ठाण्यात जावे. भावाने नाक्यावरच्या आपल्याच दोस्ताला टोकावे, “ती माझी बहीण आहे” म्हणून नव्हे, तर ती नाही म्हणाली आहे म्हणून. आणि मुलगा वयात येताना त्याला हे शिकवावे की ‘नाही’ ऐकल्यावर तिथून निघून जायचे असते, मग तिच्या गळ्यात लच्छा असो वा नसो.