हौद बंद करा म्हणणाऱ्या बहिणींना



आमच्या सोसायटीतला कंपोस्टचा हौद बंद करावा म्हणून एक अर्ज फिरतोय. सह्या बहुतेक आपल्याच घरांतल्या बायकांच्या. कारण एका ओळीत दिलंय, "जीव पडतात, पाप लागतं." मी सही केली नाही. जिन्यात उभ्या उभ्या हे बोलणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून इथे लिहिते.

जीव पडतात हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. नीट लावलेला ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात अळी टिकत नाही. पण हौद बंद झाल्यावर दुधीची सालं आणि उरलेला वरणभात जाणार कुठे? गाडीत, आणि गाडीतून डेपोत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी कसं नासलं, हे पुण्यात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. मुंबईत जानेवारी 2016 मध्ये देवनारचा ढीग पेटला तेव्हा धूर कितीतरी दिवस हटत नव्हता. त्या ढिगात जीव नव्हते का? पाप कमी झालं नाही, फक्त आपल्या नजरेआड गेलं. आणि त्या कचऱ्यात हात घालणारी बाई आपल्यासारखीच लेकुरवाळी असते, हे तर अर्जात कुठेच नाही.

आता नियमांकडे येते. "सरकारी कटकट" म्हणून आपण ते वाचतच नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे पाच हजार चौरस मीटरवरच्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता, कंपोस्ट करून किंवा बायोगॅस करून. गांडुळं पाळाच, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. गांडुळं नको वाटत असतील तर सुका पाला आणि कोकोपीट घालून, वरखाली करून खत होतं. आमचा हौद तसाच चालतो. (वास येतो तो पाला कमी पडला की. पाला आणायचं काम कुणाचं, यावरून मात्र आमच्याकडे वर्षभर मीटिंगा चालल्यात.)

मोठ्या प्रकल्पांचे 2016 चे नियम तर मला अगदी आपल्या घरच्या भाषेतले वाटले. दिवसाला पाच टनांवर कचरा घेणाऱ्या केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी लागायची. ढीग लावायची जागा काँक्रीटची, नाहीतर पन्नास सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीची हवी होती, म्हणजे काळं पाणी जमिनीत मुरणार नाही. तिला एक-दोन टक्के उतार आणि भोवती पक्की गटारं हवी होती. तयार खतात शिसं, कॅडमियम, पारा किती चालेल याचे आकडे ठरलेले होते. शिशाची मर्यादा किलोला शंभर मिलिग्रॅम होती. त्यावर गेलेलं खत अन्नधान्याच्या पिकाला घालता येत नव्हतं. हे शिसं येतं कुठून? आपण भाजीच्या देठांबरोबर टाकलेल्या जुन्या सेलमधूनही येतं. डबे वेगळे ठेवायचा कंटाळा आपण करतो आणि खत शेतकऱ्याच्या वाफ्यात जातं.

परठवताना जागा बघा, खाली जीव आहे का बघा, हे आपण महाराजसाहेबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकतो. थाळी धुऊन पिणाऱ्या आपल्या सासवांना याच्यासाठी कायदा लागला नाही. उष्टं दोन घटकांच्या वर पडू द्यायचं नाही ही त्यांची धास्ती होती. मग तेच उष्टं काळ्या पिशवीत गाठ मारून तीन दिवस कुजवायचं आणि वर हौदाला पाप म्हणायचं, हा कुठला न्याय?

आणि हे फक्त सोसायटीपुरतं नाही. कचऱ्याच्या मोठ्या उत्पादकांत 2016 च्या नियमांनी प्रार्थनास्थळंही धरलेली होती, दिवसाला सरासरी शंभर किलोवर कचरा होत असेल तर. परवाना नसलेल्या जागेत शंभरावर माणसं जमवायची असतील तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा जागच्या जागी वेगळा करायचा, हेही त्यातच होतं. पारण्याला, स्वामीवात्सल्याला आपल्याकडे माणसं किती येतात ते तुम्हीच मोजा. एका भोजनशाळेत मी विचारलं, उरलेलं कुठे जातं? उत्तर आलं, "एक माणूस टेम्पो घेऊन येतो, स्वस्तात नेतो." कुठे नेतो? कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे मंडळाची मंजुरी आहे का, हे तर कुणी विचारलंही नव्हतं. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाच्या भोजनशाळेतलं उत्तर आहे हे! धर्मकार्याला नियमातून सूट हवी असंही एका ताईंनी मला सुनावलं. सूट कशाला? तपाचे नियम पाळायला आपल्याला सूट लागत नाही.

पर्युषणाआधी भोजनशाळेच्या ट्रस्टींना आम्ही पाच-सहा जणी भेटणार आहोत. टेम्पो कुठे रिकामा होतो ते लेखी द्या आणि आवारात मागच्या बाजूला हौदाला जागा द्या, एवढंच मागणार. यायचं असेल तर खाली कॉमेंटमध्ये कळवा. अर्जावर सही केलेल्यांनीसुद्धा यावं.