ही सावड कसली?

‘सहा महिने शेतावर राहा, जेवणखाण आमचं, मोबदला म्हणून अनुभव.’ सेंद्रिय शेतीवाल्यांची अशी आवतणं हल्ली सर्रास फिरतात. ही मजुरी नव्हेच, आपली जुनी इर्जिक आहे, सावड आहे, असं वर ऐकवलं जातं.

सावडीत आज मी तुमच्या लावणीला येतो, परवा तुम्ही माझ्या. इर्जिकीला जेवण असतं, पण जेवणाने फेड होत नाही. पाळी आली की यजमानालाही दुसऱ्याच्या रानात जावं लागतं. पुण्याच्या मुलीने चार महिने वाफे खुरपले, तर शेतमालक कोथरूडला तिच्या बिऱ्हाडी भांडी घासायला जाणार आहेत काय? सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवक पाठवणाऱ्या ‘वूफ’चा दाखलाही देतात. 1971 मध्ये सू कॉपर्ड यांनी इंग्लंडात तो उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याच्या नावातच शनिवार-रविवारचं काम होतं.

‘पण आम्ही शिकवतो की!’ शिकवत असाल तर खुशाल फी घ्या. मात्र शेण-गोमूत्राचं जीवामृत करणं शिकायला एक सकाळ पुरते. उरलेले दिवस निंदणीचे, कारण तणनाशक नाकारलं की ते काम हातांवर येतं. असा शिकाऊ मुलगा उद्या आला नाही, तर गावातली बाई रोजाने बोलवावी लागेल का? लागणार असेल तर तो मजूरच आहे, आणि आज त्या बाईचा रोज बुडाला आहे. शिवाय भूमिहीनाच्या पोराला सहा महिने बिनपगारी शिकणं परवडणार कसं?

1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही घटनेच्या कलम 23 खालची वेठ ठरवली. हौशी इंटर्न त्या मजुरांसारखा पोटासाठी नाडलेला नसतो, हे मान्य. नाडली जाते ती गावातली बाई.

छोट्या शेतकऱ्याकडे पैसा नसतो, हा मुद्दा मात्र खरा. मग भाजीच्या दरात निंदणीचा रोज धरा. फुकट हातांवर काढलेला ‘कमी खर्चाचा’ हिशेब पाहून शेजारी नैसर्गिक शेतीकडे वळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचं रान तणात जातं.

जेवण-राहण्याच्या बदल्यात सकाळचे दोन तास काम, शिकवण्याची वेळ ठरलेली, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला शेजारच्या सरीतल्या बाईला मिळतो तोच दर. एवढं छोट्या शेतालाही झेपावं. पुढचं आवतण लिहाल तेव्हा ‘जेवणखाण आमचं’च्या खाली रोज किती, तेही लिहा.