पावसाचे माप आणि कर्जाचा हिशेब

अहिल्यानगर म्हणजेच नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी सर्वस्वी सार्थ आहे. परंतु तेथील बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि हिरवे डोंगर पाहून कृतार्थ मनाने परतणाऱ्या अभ्यागतांचे ज्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती गोष्ट मला पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. कुटुंबाच्या खर्चाला आणि कर्जाला मर्यादा घालण्याचे जे काम आपण प्रत्येक गृहस्थाच्या सद्बुद्धीवर सोपवून मोकळे होतो, त्यातील बराच भाग या गावाने ग्रामसभेकडे घेतला. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले तेव्हाची परिस्थिती सर्वश्रुत आहे: वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा आणि तोही बेभरवशाचा पाऊस, 1972 च्या दुष्काळानंतर खिळखिळे झालेले गाव, कामाच्या शोधात बाहेर पडलेली माणसे, आणि मागे उरलेल्यांच्या सोबतीला दारूची बावीस दुकाने. 1995 साली गावातील 182 कुटुंबांपैकी 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. अशा गावाला काटकसरीचे व्याख्यान देणे ही क्रूरता ठरली असती, आणि सुदैवाने ते कोणी दिले नाही.

त्याऐवजी ग्रामसभेने नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पुढे तिला आणखी निर्णयांची जोड मिळाली. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. हे सारे नियम पर्यावरणाच्या नावाने ओळखले जातात; मात्र दुष्काळी तालुक्यातील एखाद्या कर्जबाजारी कुटुंबाची कहाणी जवळून ऐकलेल्या मनुष्याने ते पुन्हा एकदा वाचावेत, म्हणजे त्यांतील प्रत्येक नियम कर्जाच्या एकेका वाटेवर उभा असल्याचे त्याच्या ध्यानी येईल. विहीर आटली म्हणून बोअर घ्यायचे, त्यासाठी बँक दारात उभी करीत नाही म्हणून महिना शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलायचे, पहिले बोअर फेल गेले म्हणून अधिक खोल दुसरे घ्यायचे, आणि पाणी लागलेच तर हा सारा खर्च भरून निघावा म्हणून ऊस लावायचा, ही साखळी मराठवाड्यापासून नगरच्या पठारापर्यंत किती घरांच्या गळ्याभोवती पडली आहे हे सांगण्यास कोणा संशोधकाची आवश्यकता नाही. हिवरे बाजारने या साखळीची पहिली कडीच घडू दिली नाही. जमीन बाहेर विकता येत नसल्यामुळे संकटकाळी शेवटचा उपाय म्हणून शेतीचा तुकडा परक्याच्या घशात घालण्याची वाटही बंद झाली. दारूबंदीविषयी वेगळे सांगणे नकोच; तिच्याबाबतीत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ग्रामसभेने बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलणी करून गरीब कुटुंबांना कर्ज मिळण्याची तजवीज केली आणि त्यांत पूर्वी दारू गाळणाऱ्यांची कुटुंबेही होती. जुने उत्पन्न बंद करताना नव्या उत्पन्नासाठी भांडवल कोठून येणार, हा प्रश्न त्या कुटुंबांवर सोडून देण्यात आला नाही.

आणि मग तो पाण्याचा ताळेबंद. 2004 पासून हे गाव पावसाळा सरल्यावर पडलेल्या पाण्याचे माप काढते, माणसांना आणि जनावरांना वर्षभर लागणारे पाणी आधी बाजूला ठेवते, उरलेल्यातील सुमारे सत्तर टक्के शेतीला देते, तीस टक्के जमिनीत मुरण्यासाठी राखते, आणि त्या हिशेबावरून रब्बीला कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरवते. पाऊस कमी झाला असेल त्या वर्षी पाण्याला जड असणाऱ्या पिकांचा मोह सोडावा लागतो. येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. जे पडले आहे तेवढेच वाटले जाते, पुढील वर्षीच्या पावसावर चालू वर्षी हक्क सांगितला जात नाही. आणि हे सारे चारचौघांत, मोठ्याने, आकड्यांनिशी घडते. या दुसऱ्या गोष्टीला मी पहिलीपेक्षा अधिक महत्त्व देतो. ज्या शेतकऱ्याला गव्हाचा मोह आवरावा लागतो त्याला शेजाऱ्यापुढे मान खाली घालावी लागत नाही, कारण शेजाऱ्यानेही तोच मोह आवरलेला असतो. संयम हा जेव्हा एकट्याचा असतो तेव्हा त्याला लोक दारिद्र्य म्हणतात. तो सर्वांचा झाला म्हणजेच त्याला प्रतिष्ठा लाभते.

नगर जिल्ह्याला कर्जाच्या प्रश्नाचा परिचय नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खते आणि रोखे जाळले, आणि तो वणवा पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, तेजीच्या दिवसांत सढळ हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी हात आखडता घेतला होता, आणि सरकारी साऱ्याचा आकार मात्र वाढला होता. त्या दंग्यांचे विशेष हे की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. दस्तऐवज हाती आला की पुष्कळ ठिकाणी लोक शांत होत. कारण उघड आहे. त्या कागदावर काय लिहिले आहे, मुद्दल किती, व्याज किती, आजवर फेडले किती, हे ज्याने अंगठा उठवला त्यालाच ठाऊक नसे. म्हणूनच 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी जो शेतकरी-संरक्षक कायदा झाला, त्यात न्यायालयाला खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार देण्यात आला. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने आणखी एक निरीक्षण नोंदवले होते, आणि ते आजही आपल्या कानी पडावे असे आहे: लग्नकार्यातील उधळपट्टीला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व देण्यात येते, वस्तुतः धान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वेळोवेळी घेतलेल्या किरकोळ रकमांनीच ते साचत जाते. गरिबाच्या कर्जाविषयी बोलताना त्याच्या मुलीच्या लग्नातील मांडवाकडे बोट दाखवण्याची सवय आपल्या शिष्टवर्गाला फार जुनी आहे. जे खरे आहे ते दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

याच नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथून जून 2017 मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्या महिनाअखेरीच्या आत राज्य सरकारला 34,000 कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करावी लागली. अडीच वर्षे लोटली न लोटली तोच, 2019 च्या डिसेंबरात, दोन लाखांपर्यंतच्या दुसऱ्या कर्जमाफीची घोषणा झाली. कर्जमाफीला मी विरोध करणार नाही. भाव पाडून, निर्यात रोखून आणि विमा लांबवून ज्याच्यावर कर्ज लादले त्याचे कर्ज सोडणे हा उपकार नव्हे. परंतु कर्जमाफीने सातबारावरील बोजा उतरतो तो बँकेचा आणि सोसायटीचा. सावकाराचा, दुकानदाराचा, पाहुण्याचा आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा नव्हे, आणि अडचणीतील कुटुंबाला झोप लागू न देणारे देणे बहुधा यांतलेच असते.

अशा खासगी देण्याचे एक उदाहरण प्रत्येक विकास सोसायटीत मार्चअखेर पाहावयास मिळते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही, ही सवलत चांगलीच आहे. पण ती साधण्यासाठी असंख्य शेतकरी चार-आठ दिवसांकरिता खासगी रक्कम उचलतात, ती सोसायटीत भरून खाते नवे-जुने करतात, आणि नवीन कर्ज हाती पडताच उचललेले पैसे व्याजासह परत करतात. कागदोपत्री खातेदार नियमित, सोसायटीची वसुली उत्तम, जिल्हा बँक संतुष्ट. मुद्दल मात्र वर्षानुवर्षे जेथल्या तेथे, आणि बिनव्याजी म्हणवणाऱ्या कर्जाला दरसाल चोरवाटेने व्याज लागलेले. या प्रकाराला कोणाची फसवणूक म्हणावे? सर्वांच्या संमतीने चाललेला हा व्यवहार कोणाच्याच हिशेबात दिसत नाही, हेच त्यातील अनिष्ट होय.

शहरातील पगारदार मनुष्याने हे वाचून स्वतःस सुरक्षित समजू नये. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरून उरलेली बाकी पुढे ढकलणारा सुशिक्षित गृहस्थ जे व्याज देतो ते महिन्याला शेकडा तीन ते साडेतीन रुपयांच्या घरात जाते, म्हणजे ज्या सावकारीच्या नावाने तो हळहळतो तिच्याच दराने तो वातानुकूलित दालनात बसून कर्ज घेत असतो. या दराचा अर्थ एकदा कागदावर मांडून पाहावा. शेकडा तीन रुपयांनी घेतलेल्या 50,000 रुपयांवर महिन्याला 1,500 रुपये भरणारा मनुष्य आयुष्यभर भरीत राहिला तरी मुद्दलाला स्पर्श होत नाही. तो 2,000 भरू लागला तर सुमारे 47 महिन्यांत, आणि 2,500 भरू लागला तर सुमारे 31 महिन्यांत मोकळा होतो. महिन्याच्या पाचशे रुपयांनी सव्वा वर्षाहून अधिक काळ वाचतो, ही गोष्ट ज्याला कोणी आकड्यांनी दाखवली नाही त्याला चिकाटीचा उपदेश करण्यात काय हशील? आणि याच घरात पुष्कळदा 50,000 रुपयांची मुदतठेव सात टक्क्यांनी पडून असते; तिच्यातून वर्षाला 3,500 मिळतात, कर्जावर 18,000 जातात, तरी ठेव मोडणे अशुभ वाटते म्हणून ती मोडली जात नाही.

देणी फेडण्याचा क्रम ठरवतानाही आपण दराकडे पाहत नाही, माणसाकडे पाहतो. जो दारात येऊन चार शब्द बोलेल त्याला आधी, जो मुकाट्याने व्याज वाढवीत राहील त्याला शेवटी, ही आपली रीत. बिनव्याजी उसने दिलेल्या मेव्हण्याचे पैसे लाजेकाजेस्तव आधी परत होतात आणि छत्तीस टक्क्यांचे कर्ज तसेच राहते. मेव्हण्याला भेटून, सारा हिशेब त्याच्यापुढे ठेवून, वर्षभराची मुदत मागून घेणे हे अप्रामाणिकपणाचे नव्हे, तर शहाणपणाचे आहे. पण त्यासाठी आपल्यावर कर्ज आहे हे आधी तोंडाने उच्चारावे लागते, आणि तेथेच बहुतेकांची जीभ अडखळते. कित्येक घरांत तर पत्नीलाही पतीच्या देण्याची एकूण बेरीज ठाऊक नसते. ती बचतगटाचा हप्ता पदरचे मोडून वेळेवर भरीत असते, आणि त्याच घरातून तिच्या नकळत चौपट व्याज बाहेर जात असते. घरखर्चाच्या शिस्तीची सुरुवात खर्च कमी करण्यापासून करावी असे सर्व जण सांगतात. माझ्या मते ती घरातील सर्व जाणत्या माणसांनी एकत्र बसून, सर्व देणी, त्यांचे दर आणि त्यांच्या मुदती एका कागदावर लिहिण्यापासून झाली पाहिजे, कारण जो खर्च का टाळायचा हे मुलांना ठाऊक असते तो टाळताना घरात रुसवे होत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की ज्याच्या हाती मोजण्याजोगे काही येतच नाही त्याने काय मोजावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिवरे बाजारच्या इतिहासातच आहे. तेथे आधी रोजगार हमीची आणि आदर्श गाव योजनेची कामे झाली, मग पाणी आले, चारा आला, आणि दिवसाला सुमारे दीडशे लिटर असलेले दूध पुढे चार हजार लिटरपर्यंत गेले. पाण्याचा वार्षिक ताळेबंद त्यानंतरचा आहे. पाथर्डी-शेवगावकडून दरसाल ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला उचलीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रथम गावातच काम आणि पाणी पुरवावे लागेल, आणि ती जबाबदारी शासनाची आहे, त्या कुटुंबाची नव्हे.

तथापि ज्या गावांत दूध, फळबाग, पगार असे थोडेफार उत्पन्न आहे, त्या गावांनी पाण्याच्या ताळेबंदाच्या जोडीला गावच्या देण्याचा ताळेबंद मांडण्यास काय हरकत आहे? सोसायटीच्या सचिवाकडे आणि बँकांकडे संस्थात्मक कर्जाची रक्कम असतेच. खासगी देण्यासाठी बचतगटांच्या महिलांनी घरोघरी बिननावाच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि रक्कम, दर व कारण एवढेच लिहून घेऊन त्या पेटीत टाकाव्यात. नावे कोणाचीच नकोत, बेरीज मात्र ग्रामसभेत वाचली जावी: गाव वर्षाला किती रुपये व्याजापोटी बाहेर पाठवते, त्यांतले बोअरसाठी किती, दवाखान्यासाठी किती, शाळा-कॉलेजच्या फीसाठी किती, गाडीसाठी किती. दवाखान्याचा आकडा मोठा निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रश्नावर ग्रामसभेने तालुक्याला जाऊन बसावे. बोअरचा निघाला तर हिवरे बाजारचा नियम आपल्याकडे आणण्याचा विचार करावा. मार्चअखेरच्या आधी, फेब्रुवारीत, ही सभा घेता येईल, आणि जिल्हा बँकेच्या अधिकाऱ्याने तिला हजर राहावे, म्हणजे नवे-जुने करण्यासाठी गावातून दरसाल किती खासगी पैसा उचलला जातो हे त्यालाही समजेल.