मांजरा-कुत्र्यांचा पाऊस

आषाढात कॅसल रॉकच्या बाजूला जो पाऊस कोसळतो त्याला काय म्हणावे, हे आमच्या जोयडा तालुक्यातल्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. मुसळधार, धो धो, झड, आभाळ फाटले, हे त्याच्या घरातच ऐकू येते. तेच पोर दहावीला आले की घोकू लागते, 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. का? गाइडात आहे म्हणून. गाइडात का? परीक्षेला येते म्हणून. खुद्द इंग्रज मंडळी हे वाक्य शिळे म्हणून टाळतात, ही गोष्ट वेगळी!

दोष दुसऱ्याला देत नाही. निम्मी नोकरी मी हेच केले. फळ्यावर डावीकडे इडियम, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचे चिन्ह. 'बीट अबाउट द बुश' बरोबर मुद्दा टाळून बोलणे. मुलांनी मार्क मिळवले, आणि एकाने निबंधात लिहिले की माझे वडील रोज शेतात 'बीट अबाउट द बुश' करतात. मी लाल शाईने खोडले. पुढे कधीतरी वाचनात आले की हे शिकारीतले बोलणे आहे. पक्षी उठावेत म्हणून हाकारे भोवतालची झुडपे बडवतात. अरे, हा तर आपला हाका! १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, तरी इथल्या आजोबांना हाका ठाऊक आहे. वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे झुडूपच बडवत राहायचं, डुकराला हात लावायचा नाही!" इतका नेमका अर्थ कुठल्या गाइडात आहे?

म्हण ही ज्याच्या तोंडी असते त्याच्याकडूनच घ्यावी लागते. 'कै केसरादरे बायि मोसरु' हे कन्नड आमची मुले यादीतून शिकली नाहीत. चिखलात हात घातला तरच तोंडी दही, हे भाताच्या लावणीत ऐकले. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला तोही इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द आणि वाक्प्रचार गोळा करून. साहेबाला जे कळले ते आम्हा मास्तरांना कळू नये?

पालक म्हणतात, सर, मुलाखतीत इडियम टाकला की छाप पडते. पडते. शाळेच्या छपरासाठी मी एका साहेबांना अर्ज केला, त्यात 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' घातले. साहेबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली. कौले आली नाहीत. पुढच्या वर्षी नुसते लिहिले, तीन वर्गांत पाणी गळते. निदान कोणते तीन, एवढे तरी विचारले गेले.

आणि दुसरीकडून घर रिकामे होत आहे ते कुणाला दिसत नाही. 'वन्स इन अ ब्लू मून' समजावताना मी म्हणालो, कपिलाषष्ठीचा योग. वर्ग गप्प. मग कपिलाषष्ठीच समजावत बसलो. मुलाला ना तो चंद्र आपला, ना ही षष्ठी. इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. जोयड्यातून बाहेर पडायचे तर ती लागतेच. पण साधे, सरळ, न अडखळता बोललेले इंग्रजी आधी. त्याऐवजी आपण त्याच्या डोक्यात पन्नास इडियम कोंबतो आणि 'मला ताप आहे' हे त्याला धड सांगता येत नाही.

गेल्या वर्षी 'वॉटर अंडर द ब्रिज' आले. मी म्हणालो, झाले गेले गंगेला मिळाले. रामनगरची एक मुलगी उभी राहिली. "सर, आजीचं सुपा धरणात गेलं. ते पाणी कुठं वाहून गेलंय? तिथंच तर आहे." काळी नदीवरच्या धरणाने सुपा गाव बुडाले, तेथले लोक रामनगरला आले, हे तिला कुणी पाठ करायला लावले नव्हते. पुलाखालचे पाणी आणि साठलेले पाणी यांतला फरक मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. तास त्या एकाच वाक्यावर संपला.

यंदा मी आठवड्याला एकच इडियम घेतो, तोही मुलांनी त्याचे घरातले भावंड शोधून आणल्यावर. त्यामुळे पोर्शन मागे पडला अशी पालकसभेत तक्रार आली आहे, आणि ती खरी आहे.