गॅरेज टाळणारा माणूस

डेव्हिड कोवन हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. अमेरिकेतल्या बेसेमर या व्हेंचर कॅपिटल फर्ममध्ये तो नवख्या टेक कंपन्यांत पैसे लावतो. १९९५ मध्ये त्याने व्हेरिसाइन उभी केली. पण मला तो आवडतो वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सर्च इंजिन बनवणाऱ्या दोन पोरांना गॅरेज भाड्याने दिलं होतं. ‘भेट ना त्यांना,’ म्हणाली. यानं विचारलं, गॅरेजपाशी न जाता बाहेर कसं पडू? ती पोरं गुगलवाली! असे हुकलेले सौदे बेसेमर स्वतःच्या वेबसाइटवर बिनधास्त मांडते. फेडेक्सला तर सात वेळा नकार! आपण मात्र एक केटी लागली तरी लपवत फिरतो. अर्थात, खिसा भरला की चुकांवर हसणं सोपंच. म्हणून म्हणते, इंटरव्ह्यूत ‘तुमचं अपयश सांगा’ म्हणणाऱ्या साहेबांनी आधी स्वतःची यादी काढावी. आमची तयार आहे.