नागिणीचें भय

सन २०२४ च्या श्रावणांतली गोष्ट. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले नाहींत तोंच आमच्या शहापूरच्या घरीं धाकट्या सूनबाईच्या डाव्या कुशीची आग होऊं लागली, आणि तिसऱ्या दिवशीं पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत पाणीदार पुळ्यांची ओळ उठली. तिला सातवा महिना होता. आमच्या थोरल्या भगिनी आक्का, वय वर्षें ८१, पुळ्या पाहतांच म्हणाल्या, "ही नागीण. पंचमीला विळीवर भोपळा चिरलास, त्याचें हें फळ. आतां पोटांतल्या जिवाला जप, बाई." नागिणीचें तोंड व शेंपटी कमरेभोंवतीं एकमेकांस मिळालीं कीं माणूस वांचत नाहीं, हेंही त्यांनीं तिच्यासमक्षच सांगितलें. पोर रात्रभर रडत होती. शेजारून गेरू आला. मुरबाडकडचा एक नागीण उतरविणारा बोलवावा, असाही विचार निघाला.

मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. वैद्यक माझा प्रांत नव्हे. तरी शब्दाचा माग काढण्याची खोड जात नाहीं. डॉक्टर या रोगास हर्पीस झॉस्टर म्हणतात. हर्पीस हा शब्द सरपटणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला, आणि तो धातु म्हणजे आपल्या 'सृप्' धातूचा सख्खा भाऊ. सर्प त्याच 'सृप्'चा, आयुर्वेदांतला विसर्पही त्याचाच. झॉस्टर म्हणजे कमरपट्टा. यवनांसही कमरेभोंवतीं कांहीं सरपटतांना दिसलें होतें खरें. परंतु पंचमीची विळी त्यांच्या घरीं नव्हती.

दुसरे दिवशीं सकाळीं सूनबाईस येथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं सांगितलें तें असें. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणु शरीर सोडून जात नाहीं. कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गांठींत तो वर्षानुवर्षें निजून राहतो, आणि प्रतिकारशक्ति मंदावली कीं एखाद्या गांठींत जागा होऊन त्याच तंतूच्या वाटेनें कातडीवर येतो. इंग्लंडांतील सिरेन्सेस्टर गांवचे डॉक्टर होप-सिम्पसन यांनीं आपल्याच रोग्यांच्या सोळा वर्षांच्या टिपणांवरून १९६५ सालीं हा विचार मांडला. (साध्या गांवच्या डॉक्टरानें वही नीट ठेविली म्हणजे काय होतें, तें पाहावें!) हे तंतु डाव्या-उजव्या अंगास वेगवेगळे असतात, म्हणून पुळ्यांची ओळ बहुधा मध्यरेषेशींच थांबते. तोंड-शेंपटीची भेट व्हावी कशी? फार अशक्त प्रकृतीच्या माणसास क्वचित् अंगभर पुळ्या उठतात. तसें झाल्यास, अथवा डोळ्याजवळ पुळ्या आल्यास, रुग्णालय गांठण्यास एक तासही दवडूं नये.

"आणि बाळ?" सूनबाईनें विचारलें. पूर्वीं कांजिण्या येऊन गेलेल्या आईच्या रक्तांत प्रतिकारद्रव्यें असतात, आणि तीं वारेवाटे बाळासही पोंचतात. गरोदरपणीं नागीण झालेल्या ३६६ स्त्रियांची पाहणी १९९४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकाही बाळास या विषाणूमुळें जन्मजात व्यंग आलेलें आढळलें नाहीं. असिक्लोव्हिर नांवाचें औषध पुळ्या उठल्यापासून तीन दिवसांच्या आंत सुरू केल्यास उत्तम. गर्भिणीस तें द्यावयाचें तें डॉक्टरांनींच ठरवावें. सूनबाईस तें दिलें.

आम्ही उठूं लागलों, तेवढ्यांत बाईंनीं विचारलें, "गुरुजी, घरांत दुसरी कोणी गर्भिणी आहे काय?"

मी मटकन् खालीं बसलों. मंगळागौरीसाठीं माहेरीं आलेली आमची कन्या तिसऱ्या महिन्यांत होती, आणि वहिनीच्या पुळ्या पुसून गेरूचा लेप लावण्याचें काम आम्ही तिच्याकडेच सोंपविलें होतें! नागिणीच्या फोडांतल्या पाण्यापासून दुसऱ्यास नागीण होत नाहीं. परंतु ज्यास कांजिण्या आलेल्या नाहींत त्यास कांजिण्या होऊं शकतात. गर्भिणीस पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या आल्या तर क्वचित् बाळाच्या हातापायांस, डोळ्यांस वा मेंदूस इजा होते. बाळंतपणाच्या अगदीं सुमारास आल्या तर तान्ह्याच्या जिवावर बेततें. आम्ही सारे सुनेच्या पोटाकडे पाहत बसलों होतों, आणि भय होतें तें लेकीस.

तिला कांजिण्या आल्या होत्या काय? २००२ सालीं घरांतलीं सारीं मुलें कांजिण्यांनीं निजलीं होतीं, तेव्हां ती मुरबाडास मावशीकडे होती. मावशीला कांहींच आठवेना. अखेर कल्याणास रक्त तपासावयास पाठविलें. ते दोन दिवस मीं कसे काढिले, तें माझें मला ठाऊक. रक्तांत प्रतिकारद्रव्यें निघालीं. केव्हांतरी दोन-चार पुळ्या येऊन गेल्या असाव्या, कोणाच्या ध्यानांतही आल्या नाहींत. नसतीं निघालीं तरी थोड्याच दिवसांत द्यावयाचे उपाय असतात, म्हणून विलंब करूं नये. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्यानें गरोदरपणीं टोंचीत नाहींत; लग्न ठरलेल्या मुलीस कांजिण्या आल्या होत्या कीं नाहीं, हें तिच्या आईनें आधींच आठवून पाहिलें तर बरें. पत्रिकेचीं छत्तीस गुणांचीं कोष्टकें आपण जपून ठेवितों, ही एक ओळ मात्र कोठें टिपून ठेवीत नाहीं.

कार्तिकांत सूनबाईस कन्या झाली, माघांत लेकीस पुत्र. दोघेंही सुखरूप. आक्कांनीं नातीचें अंग उलटसुलट करून दोनदां पाहिलें आणि म्हणाल्या, "असेल तुमचा विषाणु. पण पंचमीला विळी काढायची नाहीं म्हणजे नाहीं." मीं वाद घातला नाहीं. त्या दिवशीं पुरणाचीं दिंडें होतात, आणि तीं मला आवडतात.