टीम नावाचा रकाना

शाळेबद्दल बोलताना ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’ आणि ‘व्हिजन’ हे तीन शब्द वापरायला निदान पाच वर्षं बंदी घालावी, असं माझं मत झालंय. हे शब्द आमच्या धंद्यातले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ते कधी बाहेर काढले जातात हे मला चांगलं ठाऊक आहे. डेडलाइन हुकायला लागली की मॅनेजर टीम स्पिरिटबद्दल बोलायला लागतो. माणसं कमी आहेत, हे तेवढं बोलत नाही.

आता हे शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचलेत. कंपनीच्या सीएसआरच्या बसमधून मीही एकदा गेलोय. चार्टपेपर, स्केचपेन, ‘आपल्या शाळेचं व्हिजन एका वाक्यात लिहा’. सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी मुकाट्याने लिहिलं. मध्येच एक सर उठून गेले, कारण खिचडी मुलांना वाढण्याआधी चव घेऊन वहीत नोंद करायची असते. आमच्या ट्रेनरला ते आवडलं नाही. ते सर शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक होते, म्हणजे ज्यांच्यासाठी हा लीडरशिपचा घाट घातला होता तेच.

‘प्रभारी’ या शब्दापाशी जरा थांबू. शिक्षण हक्क कायदा २००९चा. सहावी ते आठवीच्या शाळेत पट १००च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा, असं त्याच्या परिशिष्टात म्हटलंय. पट ९० असेल तर? मग जो सेवाज्येष्ठ शिक्षक असेल त्याच्या गळ्यात पदभार पडतो. त्याचे गणिताचे तास तसेच राहतात. वर पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसची माहिती, आणि ‘आज दुपारी ३ पर्यंत तातडीने पाठवा’ असे व्हॉट्सॲप मेसेज. आमच्याकडे सात जणांच्या टीमवर एक मॅनेजर, एक स्क्रम मास्टर आणि कशासाठी आहे ते कुणालाच न कळलेला एक प्रोग्रॅम लीड असतो. हे लोक शाळेत जाऊन नेतृत्वावर भाषण देतात!

आणि टीमची गरज खरी कुठे असते, तर याच वर्गांत. चौथीपर्यंत बहुतेक सगळं एकाच बाईंच्या हाती असतं. त्यांना वर्गातलं प्रत्येक मूल पाठ असतं. सहावीला मूल पहिल्यांदा वाटलं जातं. कायद्याने तीन पदं सांगितलीत: विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्रं. समजा सातवीतल्या एका मुलीला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत. गणिताच्या सरांना वाटतं, गणित कच्चं. प्रत्यक्षात तिला लांब वाक्य वाचून त्याचा अर्थच लागत नाही. भाषेच्या बाईंना हे माहीत आहे, पण त्या सरांशी मुलांबद्दल निवांत बोलतात कधी? स्टाफरूम म्हणून जी खोली आहे तिच्यात तांदळाची पोती आहेत. ‘शेअर्ड व्हिजन’चा मला कळलेला अर्थ एवढाच आहे: एका मुलीबद्दल तीन मोठ्या माणसांना एकच गोष्ट माहीत असणं. त्याला चार्टपेपर लागत नाही, वेळ लागतो.

वेळेचा हिशोब करू, तो मला येतो. कायद्यानुसार या वर्गांना वर्षात २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास, सहा दिवसांच्या आठवड्यात २७. शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास तयारीसकट ४५. म्हणजे कागदावर आठवड्याला सतरा-अठरा तास उरतात. हे तास जातात कुठे? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम देऊ नये, असं कलम २७ सांगतं. पण मतदार याद्या निवडणुकीतच मोडतात, आणि ऑनलाइन माहिती भरणं तर म्हणे शैक्षणिकच.

बदल्यांकडे मी इंजिनिअर म्हणून बघतो. २०१८पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या पोर्टलवरून होतात. हे चांगलं झालं, यात शंका नाही. पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन झेडपीच्या पायऱ्या झिजवणं त्यामुळे कमी झालं, आणि अवघड क्षेत्रात अडकलेल्यांना दाद मिळाली. पण ही सिस्टिम प्रत्येक शिक्षकाला सुटी नोंद समजते. पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग त्यात आहे, असायलाच हवा. मात्र तीन वर्षं एकत्र काम करून ज्यांची घडी बसलीय अशा तीन शिक्षकांना एकत्र ठेवावं, असं म्हणायला त्यात जागा नाही. टेबलात टीम नावाचा रकानाच नाही. जे डेटाबेसमध्ये नाही ते व्यवस्थेला दिसत नाही. मग ते भाषणात सापडतं.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘पण अमुक गावच्या सरांनी बघा एकट्याने शाळा कशी बदलली!’ रील्स मीही बघतो. आमच्याकडे ‘बस फॅक्टर’ नावाचा प्रश्न विचारतात: किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर ‘एक’ असेल तर कौतुक करत नाहीत, घाबरतात. शाळांच्या बाबतीत मात्र त्याच ‘एका’ला पुरस्कार देतात आणि पुढच्या वर्षी त्याची बदली होते.

साताऱ्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण घ्या. तिथलं नाव झालं मुख्यतः खालच्या वर्गांच्या कामामुळे. पण गोष्ट एका शाळेची नव्हती, अख्ख्या बीटची होती. विस्तार अधिकारी आणि शिक्षक एकत्र वाचत होते, एकमेकांचे वर्ग बघत होते. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते बघायला गेले. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, आणि राज्यभर सगळ्यात झपाट्याने पसरलं काय? फरशीवर रंगवलेली चित्रं. रंगाचं बिल लावता येतं, एकत्र वाचण्याचं लावता येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल फार लिहीत नाही. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, शाळेचा विकास आराखडा तिनेच करावा, असं कायद्यात आहे. म्हणजे ‘व्हिजन’ची कायदेशीर जागा २००९पासून तयार आहे. मी पाहिलेल्या शाळेत तिचं प्रोसीडिंग रजिस्टर व्यवस्थित होतं, सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने केलेल्या.

आमच्या कंपनीची बस यंदाही जाणार आहे. मी मेल टाकलाय: वर्कशॉप रद्द करा आणि त्या पैशातून शाळेला वर्षभरासाठी एक अर्धवेळ कारकून द्या. शुक्रवारचा शेवटचा तास मुलांना खो-खो खेळू दे, कारकून पोर्टल भरेल, आणि तिघे शिक्षक एका खोलीत बसतील, पोती बाहेर काढून. एचआरचं उत्तर आलं की यात ब्रँडिंगला स्कोप नाही.